रात्रीचा राजा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात इन्सुली नावाचे गाव आहे. मुंबईहून गोव्यास जाणारा महामार्ग या गावातून जातो. पुढे बांदा लागते आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर गोव्याची हद्द सुरू होते. डोंगरउतारावर काजूची झाडे, सखल जागी भाताची शेते आणि घरांभोवती माड-पोफळी, असे या भागाचे रूप आहे. पावसाळा संपतो, भाताची कापणी व मळणी उरकते, तुळशीची लग्ने लागतात. आणि मग इन्सुलीच्या परिसरात, किंबहुना साऱ्या दक्षिण कोकणात, गावोगावच्या देवळांतून जत्रांचे दिवस सुरू होतात. जत्रेच्या रात्री देवाची पालखी देवळाभोवती फिरते. पालखी परतली, की ज्याची लहानथोर सारी माणसे वाट पाहत असतात, ते दशावतारी नाटक सुरू होते.

या नाटकाला मोठी रंगभूमी लागत नाही. देवळाच्या सभामंडपात किंवा पुढच्या अंगणात एक बाकडे मांडले, की तेच राजाचे सिंहासन होते. एका बाजूस पायपेटी, मृदंग आणि झांज वाजवणारे बसतात. प्रारंभी विघ्नहर्ता गणपती येतो. सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या वेषातील, लांब लाल जीभ असलेला संकासुर वेद चोरून नेतो आणि विष्णू त्याचा नाश करतो. हा पूर्वरंग संपला, की पुराणातील एखादे आख्यान उभे राहते. त्यातील संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. आज कोणते आख्यान करावयाचे एवढे ठरते. बाकीचे बोलणे प्रत्येक नट त्या त्या वेळी आपल्या बुद्धीने रचतो. मस्तकावर मुकुट चढवून तो बाकड्यावर बसला, की बोलण्यात, चालण्यात आणि नजरेत राजाच होऊन जातो.

पहाट होते. आख्यान संपते. राजा तोंडावरचा रंग पुसतो. मुकुट, भुजबंद आणि भरजरी वस्त्रे पेटाऱ्यात जातात. पूर्वी गावोगाव वाहने जात नसत. तेव्हा हाच जड पेटारा डोक्यावर घेऊन नटांना पुढच्या गावची वाट चालावी लागे. यावरूनच कोकणात म्हण पडली, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’.

ही म्हण ऐकून हसू येते. पण तिच्यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. रात्रभर ज्याला सर्वांनी ‘महाराज’ म्हटले, त्याला सकाळी मुकुट उतरवताना कष्ट होत नाहीत. कारण मुकुट मस्तकावर असतानाही आपण कोण आहोत, हे तो विसरलेला नसतो. समजा, एखाद्या नटाने उजाडल्यावरही मुकुट काढला नाही आणि जत्रेतल्या खाजेवाल्याला तो दंड फर्मावू लागला, तर? लोक आधी हसतील आणि मग घाबरतील. मुकुट घालणे सोपे असते, तो योग्य वेळी उतरवणे कठीण. ज्यांना तो उतरवता आला आणि ज्यांना उतरवता आला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या पात्रांच्या अद्भुत कथा जगभर सांगितल्या गेल्या आहेत.

महाभारतातील नहुष राजाचीच कथा पाहा. वृत्रासुराला मारल्यानंतर इंद्र पापाच्या भीतीने लपून बसला आणि स्वर्गाला राजा उरला नाही. देव आणि ऋषी पृथ्वीवरील नहुषाकडे आले व त्यांनी त्याला इंद्रपद देऊ केले. नहुष सज्जन होता. तो नम्रपणे म्हणाला, की मी दुर्बळ आहे, देवांचे रक्षण करण्याचे बळ माझ्यात नाही. आपली शक्ती केवढी, हे त्या क्षणी त्याला नीट ठाऊक होते. परंतु देवांनी आग्रह केला आणि आपले तेज त्याला दिले. ज्याच्याकडे तो पाहील त्याचे तेज नहुषाला मिळेल, असा तो वर होता.

हळूहळू हे तेज आपलेच आहे, असे नहुषाला वाटू लागले. इंद्राची राणीही आपलीच व्हावी, असा हट्ट त्याने धरला. पुढे तर त्याने ऋषींना आपल्या पालखीला जुंपले आणि अगस्त्य ऋषींच्या मस्तकाला पाय लावला. अगस्त्यांनी शाप दिला व स्वर्गाचा राजा अजगर होऊन पृथ्वीवर पडला. ‘मी दुर्बळ आहे’ हे त्याचे पहिले वाक्य त्याने लक्षात ठेवले असते, तर ही वेळ आली नसती. मोहाने त्याला दुसरे काही केले नाही. केवळ स्वतःचा विसर पाडला.

नहुषाचा पुत्र ययाती. पित्याला सत्तेचा मोह पडला, पुत्राला सुखाचा पडला. वचन मोडल्याबद्दल शुक्राचार्यांनी ययातीला शाप दिला आणि भर तारुण्यात तो जर्जर म्हातारा झाला. दुसरे कोणी आपले तारुण्य देऊन हे वार्धक्य घेईल, तर मात्र ययाती पुन्हा तरुण होईल, असा उःशाप होता. ययातीने आपल्या पाच पुत्रांपुढे हात पसरला. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू या चौघांनी नकार दिला. धाकटा पुरू मात्र तयार झाला. मुलाचे केस पांढरे झाले आणि बापाचे केस काळे झाले. महाभारत सांगते, की ययातीने त्या उसन्या तारुण्यात एक हजार वर्षे सर्व सुखे भोगली. पण त्याचे मन भरले नाही. तूप ओतून अग्नी विझत नाही, तो अधिकच भडकतो. उपभोगाने इच्छाही तशीच भडकते, हे अखेर त्याला कळले. त्याने पुरूला त्याचे तारुण्य परत केले, राज्यही त्यालाच दिले आणि तो वनात निघून गेला. मुकुट त्यानेही उतरवला. परंतु त्यासाठी हजार वर्षे लागली आणि त्याचे मोल मुलाला द्यावे लागले.

हीच कथा घेऊन मराठीतील थोर लेखक विष्णु सखाराम खांडेकर यांनी ‘ययाति’ ही कादंबरी लिहिली. खांडेकरांचा या भूमीशी निकटचा संबंध होता. इन्सुलीच्या पश्चिमेस, समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या शिरोडे गावी 1920 पासून 1938 पर्यंत ते शाळेत शिक्षक होते. ‘ययाति’ 1959 साली प्रसिद्ध झाली. तिला 1960 सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुढे 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक होत.

या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच्या मुखाने सांगतात. त्यामुळे मोह बाहेरून कसा दिसतो एवढेच वाचकाला कळत नाही. तो माणसाच्या मनात शिरून कसा बोलतो, हेही कळते. ययाती दुष्ट नाही. तो शूर आहे, त्याच्या मनात प्रेम आहे. तथापि प्रत्येक वेळी ‘एवढे एकदाच’ असे तो स्वतःला समजावतो आणि पुन्हा त्याच वाटेने जातो. त्याचा वडील भाऊ यती याने याच्या उलट मार्ग धरला आहे. त्याने राजवाडा सोडला, शरीराला शत्रू मानले आणि वनात जाऊन कठोर तप आरंभिले. पण मनाला ओळखण्याऐवजी त्याने त्याला नुसते दाबले. म्हणून त्यालाही शांती लाभली नाही. एक भाऊ इच्छेच्या पाठीमागे धावला, दुसरा इच्छेला भिऊन पळाला. थांबून तिच्या डोळ्यांत कोणीच पाहिले नाही.

ते धैर्य कचाजवळ होते. महाभारतात कचाची कथा ययातीच्या कथेआधी येते. कच हा देवांचे गुरू बृहस्पती यांचा पुत्र. मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या शिकण्यासाठी तो असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे शिष्य म्हणून राहिला. हे असुरांना खपले नाही. त्यांनी त्याला पुनःपुन्हा मारले आणि गुरूंनी आपल्या कन्येच्या, देवयानीच्या, आग्रहावरून त्याला पुनःपुन्हा जिवंत केले. अखेरीस असुरांनी त्याला जाळून त्याची राख मद्यात मिसळली व ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजले. आता कच गुरूंच्या पोटात होता. तो बाहेर आला, तर गुरूंचे पोट फाटणार होते. म्हणून गुरूंनी पोटातील शिष्याला संजीवनी विद्या शिकवली आणि मगच त्याला बाहेर बोलावले.

कच बाहेर आला. गुरू मरून पडले होते. ज्या विद्येसाठी त्याने इतके सोसले, ती आता त्याच्यापाशी होती. असुरांचे सामर्थ्य याच गुरूवर अवलंबून होते. कच तसाच स्वर्गाकडे चालू लागला असता, तर देवांचा मोठा शत्रू आपोआप नाहीसा झाला असता. अडवणारे कोणी नव्हते. शिवाय ‘हे मी माझ्यासाठी नव्हे, देवांच्या हितासाठी करतो’ असे म्हणण्याचीही सोय होती. मोहाला अशी सोय फार आवडते. पण आपण कोण आहोत, हे कच विसरला नाही. तो देवांचा दूत होता, हे खरे; परंतु त्याआधी तो शिष्य होता. ज्यांच्या पोटातून तो नवा जन्म घेऊन आला, ते त्याचे पितेच झाले होते. त्याने त्या विद्येचा पहिला उपयोग गुरूंना जिवंत करण्यासाठी केला. शुक्राचार्यही थोर खरे! त्यांनी शिष्याला दोष दिला नाही, असुरांनाच दोष देऊन ते थांबले नाहीत. मद्यामुळे आपली शुद्ध हरपली, हा आपला दोष त्यांनी ओळखला आणि मद्यपान निषिद्ध ठरवले. महाभारतातील कच यानंतर निघून जातो, तो ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. खांडेकरांनी मात्र त्याला आपल्या कादंबरीत परत आणले आहे. कारण ययातीसमोर एक आरसा धरणे त्यांना आवश्यक वाटले.

खांडेकरांची ‘ययाति’ प्रसिद्ध होण्यापूर्वी चारपाच वर्षे, 1954 व 1955 या साली, दूर इंग्लंडमध्ये एक मोठी अद्भुत कथा तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. ती लिहिणारे जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. या कथेत मुकुटाच्या जागी एक सोन्याची अंगठी आहे. दुष्ट राजाने आपले सामर्थ्य ओतून ती घडवली आहे. जो ती बोटात घालील त्याला ती सामर्थ्य देऊ करते. परंतु हळूहळू त्याचे मन गिळून टाकते. ती ज्या अग्निपर्वतात घडली त्याच पर्वतात टाकली, तरच नष्ट होणार आहे. हे काम फ्रोडो नावाच्या एका लहानखुऱ्या जीवाकडे येते. तो हॉबिट या बुटक्या, शांत, शेतीवर आणि जेवणावर प्रेम करणाऱ्या लोकांपैकी एक आहे.

ही अंगठी प्रत्येकाशी वेगळ्या तऱ्हेने वागते. फ्रोडो ती गॅन्डाल्फ नावाच्या ज्ञानी वृद्धाला देऊ करतो, तेव्हा तो घाबरून मागे सरतो. आपण दयाळू आहोत, दुर्बळांचे भले करावे असे आपल्याला वाटते, हे त्याला माहीत आहे. आणि याच चांगल्या इच्छेच्या वाटेने अंगठी आपल्या मनात शिरेल, हेही त्याला माहीत आहे. बोरोमिर या शूर सरदाराला एवढे आत्मज्ञान नाही. त्याचे नगर शत्रूने वेढत आणले आहे. ‘नगर वाचवण्यासाठी’ म्हणून तो अंगठी मागतो आणि ती मिळत नाही असे दिसताच फ्रोडोवर हात टाकतो. फ्रोडो निसटतो. मग बोरोमिर शुद्धीवर येतो, आपण हे काय केले म्हणून रडतो आणि त्याच दिवशी दोन लहान सोबत्यांचे रक्षण करता करता प्राण देतो. मरण्यापूर्वी तो आपला अपराध कबूल करतो.

पुढे एका प्रसंगी अंगठी फ्रोडोचा सेवक सॅम याच्या हाती येते. सॅम हा माळी. अंगठी त्याला भव्य चित्र दाखवते. त्याच्या हातात तळपती तलवार आहे, मागे सैन्य आहे आणि त्याच्या आज्ञेने शत्रूचे सारे उजाड राज्य फुलांनी भरलेली बाग झाले आहे. माळ्याला याहून गोड मोह कोणता घालावा? पण धन्यावरील प्रेमाने आणि साध्या समजुतीने सॅम वाचतो. आपल्याला एक लहानशी बाग पुरे आहे, ती आपल्याच हातांनी खणावयाची आहे, दुसऱ्यांच्या हातांना हुकूम सोडून नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो ती अंगठी आपल्या धन्याला परत देऊ शकतो.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. फ्रोडोने कितीतरी महिने ती अंगठी जवळ बाळगली. उपास, भीती आणि जखमा सोसून तो अग्निपर्वतापर्यंत पोहोचला. आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याचेही बळ संपले. ‘ही माझी आहे’ असे म्हणून त्याने ती बोटात घातली. त्याच वेळी गोलम नावाचा, त्या अंगठीच्या लोभाने पूर्वीच वेडा झालेला एक जीव त्याच्यावर तुटून पडला. अंगठी हिसकावून घेतल्यावर तोल जाऊन तो अग्नीत कोसळला आणि अंगठी नष्ट झाली. या गोलमला मारण्याची संधी पूर्वी मिळाली असतानाही फ्रोडोने दयेने ते टाळले होते. ज्याच्यावर त्याने दया केली, त्याच्यामुळेच त्याची सुटका झाली. तेव्हा आत्मज्ञान असलेला माणूस कधी हरतच नाही, असे समजू नये. आपणही हरू शकतो, हे जाणणे, हाही आत्मज्ञानाचाच भाग आहे. जो हे जाणतो तो पडलेल्या माणसाला हसत नाही. कारण त्या जागी आपणही असू शकलो असतो, हे त्याला उमगलेले असते.

या सर्व कथा निरनिराळ्या देशांच्या आणि काळांच्या आहेत. पण त्यांत मोहाचे रूप एकच आहे. तो अक्राळविक्राळ राक्षसाचे तोंड घेऊन येत नाही. आला असता, तर सर्वांनी त्याला ओळखले असते. तो माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलतो. नहुषाशी तो मानाच्या शब्दांत बोलला, ययातीशी सुखाच्या, बोरोमिरशी देशप्रेमाच्या आणि सॅमशी तर बागेच्या! ज्याला स्वतःचा आवाज परिचयाचा आहे, आपल्याला काय हवे असते आणि आपण कोठे कच्चे आहोत हे ज्याने प्रामाणिकपणे पाहिले आहे, त्यालाच हा दुसरा आवाज वेगळा ऐकू येतो.

यासाठी स्वर्गाचे सिंहासन किंवा जादूची अंगठी मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. वर्गप्रमुख झालेला मुलगा मित्राचे नाव फळ्यावर लिहिताना डगमगतो आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याचे नाव मात्र चटकन लिहितो, तेव्हा तो मुकुट कसा घालतो आहे, हे त्याने पाहावयास हवे. मिळालेली जास्तीची मोड दुकानदाराला परत द्यावी की नाही, असा विचार मनात येतो, तेव्हा आत कोण बोलत आहे, हे ऐकावयास हवे. ही लहानसहान प्रसंगांतील सवयच पुढे मोठ्या प्रसंगी उपयोगी पडते.

जत्रेची रात्र सरते. देवळामागच्या माडांवर पहिला उजेड येतो. रात्री ज्याने राज्ये जिंकली तो नट विहिरीवर तोंड धुतो, मुकुट जपून पेटाऱ्यात ठेवतो आणि सोबत्यांबरोबर पुढच्या गावाकडे निघतो. मुकुटाला तो तुच्छ मानीत नाही. तो नीट पुसून, कापडात गुंडाळून ठेवतो. पण आपले मस्तक आणि आपला मुकुट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो जाणतो. म्हणूनच पुढच्या रात्री तो पुन्हा मोकळ्या मनाने राजा होऊ शकतो.

स्वाध्याय

1. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण कशावरून पडली?
2. इंद्रपद मिळण्यापूर्वीचा नहुष आणि नंतरचा नहुष यांत कोणता फरक पडला?
3. ययाती आणि यती यांचे मार्ग एकमेकांच्या उलट असूनही दोघांना शांती का लाभली नाही?
4. गुरूंना जिवंत न करता निघून जाण्यासाठी कचापाशी कोणती सबब होती? त्याने ती का स्वीकारली नाही?
5. गॅन्डाल्फला आपल्या चांगल्या इच्छेचीच भीती का वाटली?
6. फ्रोडो शेवटच्या क्षणी हरला, तरी त्याला दोष द्यावा असे तुम्हांला वाटते काय? कारणांसह आठ-दहा ओळी लिहा.
7. आपल्या गावच्या जत्रेत किंवा उत्सवात होणाऱ्या एखाद्या नाटकातील पात्राला कोणता मोह पडतो, ते वडीलधाऱ्यांना विचारून वर्गात सांगा.